बिबट्या चावत नाही

दिपाली: अरे पण हे चालू कुठनं करायचं?

इंद्रजीत: समोर हिरवं बटण हाय की ताई. मोठ्ठं केलंय मुद्दाम. त्याच्यावर लिहिलंय, ‘अंधांसाठी आवाज सुरू करा’.

दिपाली: लिहिलंय?

इंद्रजीत: व्हय. शुद्ध मराठीत.

दिपाली: इंद्रजीत, आता हेच वाक्य परत म्हण. सावकाश. आणि मी कोण आहे ते आठवत आठवत म्हण.

इंद्रजीत: समोर हिरवं बटण... आयला.

दिपाली: पडला उजेड?

इंद्रजीत: थांबा, मी दाबून देतो.

दिपाली: दे. मग खेळ निघाला की सगळ्यांच्या घरी जा, आणि एकेकाला दाबून दे. अरे, माझा फोन सगळं वाचून दाखवतो. तू बटणांना नावं दिली असतीस तर तीपण वाचली असती. आता ऐक काय बोलालाय. बटण. बटण. बटण. बटण. खेळ केलाय का शर्ट शिवलाय?

इंद्रजीत: नावं द्यायची ऱ्हायली ओ. एकटाच हाय मी. कोड मी लिवायचा, आवाज मी करायचं, खोली मीच झाडायची.

दिपाली: खोली झाडतोस? मग मघाशी माझ्या पायाखाली काय कुरकुरलं?

इंद्रजीत: चुरमुरे. ते वाळल्या पाल्यावरनं चालल्याचा आवाज करायला आणल्ते.

दिपाली: अय्यो! बरं, मी कशाला आलेय ते ऐक. दिवसभर दवाखान्याच्या टेलिफोनवर बसून ‘थांबा, जोडून देते’ म्हणते. घरी गेले की कानानं खेळायचे खेळ खेळते. विमानं पाडते, भुतं मारते. सगळे परदेशी खेळ, सगळे इंग्रजी. इतकी वर्षं झाली, मी इंग्रजीतच मरालेय. कोणतरी सांगितलं, सोलापुरात एक पोरगा मराठीत करालाय. म्हटलं, एकदा आपल्या भाषेत मरून बघावं.

इंद्रजीत: मराल की. म्हंजे... बघू.

दिपाली: बघू काय? गोष्ट काय आहे खेळात?

इंद्रजीत: उजनीच्या काठचं गाव. शेताला लाईट येती ती रात्रीची. तुमी घरनं निघायचं, धरणाच्या काठाला जाऊन मोटर चालू करायची आन परत घरी यायचं. वाटंत ऊस, मग केळीची बाग. हातातली बॅटरी संपलीया. उसात बिबट्या हाय. दिसत कायच न्हाय, ऐकायचं आन चालायचं. जित्तं घरी पोचलं की जिंकलं.

दिपाली: बरं आहे हे. चांगलं आहे. मला वाटलं होतं तू फुलं ओळखायला लावशील. दे हेडफोन.

इंद्रजीत: हा घ्या. फोन हातातच धरा. डावीकडं वळायचं तर डावीकडं बोट सरकवा, उजवीकडं तर उजवीकडं. फोन सरळ ऱ्हाऊ द्या.

दिपाली: गप. ऐकू दे. हां, रातकिडे. कुत्रं. बेडूक... हा बेडूक तूच ना?

इंद्रजीत: कळलं?

दिपाली: बेडकाला तुझ्या गावचा, श्रीपूरचा हेल आहे. आणि हे काय, उसात माग कोण चालवालाय?

इंद्रजीत: कुटं?

दिपाली: खटाक-खट, खटाक-खट. मध्यरात्री, उजनीच्या काठाला, उसाच्या फडात कोणतरी टॉवेल विणालाय.

इंद्रजीत: ते शिवकुमारचं माग. भिंतीला भिंत हाय आमची. रविवारी बंद असत्यात म्हणून मी रविवारी रेकॉर्डिंग धरलं. तर नेमकी त्याला रविवारची ऑर्डर.

दिपाली: बिबट्याला दे मग एक. अंग पुसायला.

इंद्रजीत: काढतो तो आवाज. पुढं चला, आता वाट सांगणारी बाई बोलंल.

दिपाली: बोलाली. ही कोण?

इंद्रजीत: बजाबाई. माझी आत्या. आवाज लई गोड हाय की तिचा?

दिपाली: आवाज गोड आहे. काय म्हणालीय ते तू ऐकलंस का कधी? ‘हितनं असं जायचं. असं गेलं की तितनं तसं. मग तितंच हाय की, पुढ्यात.’

इंद्रजीत: बरोबर हाय की.

दिपाली: काय बरोबर आहे?

इंद्रजीत: मी लिवून दिल्तं ओ, उजवीकडं वळा, बांध ओलांडा. ती म्हणली, लिवलेलं मला बोलाय येत न्हाय, मी आपली सांगते तशी. रोजची वाट हाय तिची. लई छान सांगितलं तिनं. हात करकरून सांगितलं.

दिपाली: हात करून.

इंद्रजीत: व्हय, असं... असा हात... मी समोर बसल्तो ना. मला सगळं कळत होतं.

दिपाली: रेकॉर्डिंगमध्ये हात आला का?

इंद्रजीत: न्हाय.

दिपाली: बांगड्या आल्यात. आता मी काय करू, बांगड्या किती वाजल्या त्यावरनं हात कुठं केला ते ओळखू? ‘असं’ म्हटल्यावर जरा जास्त वाजल्या, म्हणजे उजवीकडे असणार. आत्याबाई, तुम्ही काचेच्या घातल्यात म्हणून वाचले मी.

इंद्रजीत: परत रेकॉर्ड करतो. तिचं हात बांधून करतो.

दिपाली: हां. थांब. आला. बिबट्या आला. डावीकडनं.

इंद्रजीत: उजवीकडनं.

दिपाली: डावीकडनं येलालाय. मी उजवीकडे पळते... धडकले. कशाला धडकले?

इंद्रजीत: बिबट्याला.

दिपाली: इंद्रजीत, तुझा हेडफोन दे इकडे. तू घालतोस तो. हा दांडा मोडलाय एका बाजूचा.

इंद्रजीत: व्हय, मागंच मोडला. उलटा घातला की गच्च बसतो.

दिपाली: उलटा.

इंद्रजीत: लई गच्च बस... आयला!

दिपाली: म्हणजे खेळ करायला लागल्यापासनं तुझा डावा कान उजव्या बाजूला आहे. धरण उलटं, ऊस उलटा, आख्खा गाव तू आरशात बांधलास. आणि आरसा कुणासाठी? माझ्यासाठी!

इंद्रजीत: एक ओळ बदलली की झालं. डावं उजवं करायचं, उजवं डावं. आत्ता करतो. हे बघा... म्हंजे ऐका. झालं.

दिपाली: मला सांग, एवढा कच्चा कारागीर तू, तुझा खेळ लोकांपर्यंत जाणार कसा? फोनवरच्या ॲपच्या दुकानात टाकलास का?

इंद्रजीत: टाकाय गेलो ओ, तर आधी तिथंच अडकलो. ते म्हणले खेळाचं फोटो पायजेत, त्याबिगर घेत न्हाय. मी म्हणलं खेळात चित्रच न्हाय. तर म्हणले तरीपण पायजेत. मग मी पाच काळं फोटो पाठवलं. एकदम काळं.

दिपाली: मग?

इंद्रजीत: उत्तर आलं, फोटो खराब आलेत, उजेडात काढा.

दिपाली: हा! हे बरंय. मग काय पाठवलंस?

इंद्रजीत: मग मामानं स्वतःचा पाठवला. लगीच घेतला.

दिपाली: हे मामा कोण आता?

इंद्रजीत: आलेच बघा. जिन्यावर पावलं वाजत्यात.

हिंदुराव: आली का आमची दिव्यांग लेक? नमस्कार, नमस्कार! मी हिंदुराव! अकलूजचा! हिंदुराव! कारखान्याचा माजी संचालक! आन आमचा अंध कल्याण ट्रस्ट हाय, त्याचा अध्यक्ष!

दिपाली: नमस्कार. मी दिपाली. हळू बोललात तरी चालेल. मी याच खोलीत आहे.

हिंदुराव: किती गोड बोलती! इंद्रजीत, च्या घेती का रं ती?

इंद्रजीत: तिलाच विचारा की मामा.

दिपाली: घेती ती. साखर कमी घेती.

हिंदुराव: बघ, कळतं बरं का तिला सगळं. देव एक काढून घेतो, पर दुसरं देतो. तुमाला दिव्य दृष्टी असती म्हणत्यात. म्हणूनच सरकारनं दिव्यांग नाव दिलं. नुसतं ऐकूनबी मला भरून येतं.

दिपाली: अण्णा, मला आंधळी म्हणा. दिव्य काही दिसत नाही मला. अदिव्यपण दिसत नाही.

हिंदुराव: असं नगं बोलू लेकी. बरं इंद्रजीत, हिला सांगितलं का न्हाय उद्याचं?

इंद्रजीत: सांगायचंच ऱ्हायलं. ताई, उद्या सकाळी मामाचा कार्यक्रम हाय हितल्या हॉलमधी. अंध शाळंची पोरं येणारैत. मामा त्यांना फोन वाटणारैत, त्यात खेळ भरलेला.

हिंदुराव: पुढारी येणारैत, पेपरवालं येणारैत. बॅनर लागला सुद्धा. तर लेकी, तुझं काम एवढंच. तुझ्या आवाजात चार शब्द पायजेत, खेळ चालू केला की आधी तेच वाजायला. लिवून आणलंय मी. ‘अंधारलेल्या जीवनात हिंदुराव अण्णांनी दिवा लावला.’

दिपाली: दिवा लावून मला काय उपयोग?

हिंदुराव: आं?

दिपाली: काही नाही. बोलते. खेळून झाल्यावर बोलते. न खेळता कशी बोलू?

हिंदुराव: खेळ की, खेळ. एकदम सुरक्षित खेळ हाय.

दिपाली: सुरक्षित? ...बरं. चालू आहे. डावं-उजवं बरोबर झालंय. ऊस लागला. हां, हा आला, बिबट्या. अरे, हा घोरतोय काय?

इंद्रजीत: गुरगुरतोय.

दिपाली: नाही, घोरतोय. मटण खाऊन दुपारी उताणा पडलेला बिबट्या आहे हा. श्वास आत घेताना शिट्टी वाजालीय बघ नाकातनं.

इंद्रजीत: नेटवरनं घेतलाय ताई. आफ्रिकेतला हाय.

दिपाली: अण्णा, जरा नाकानं श्वास घ्या बरं.

हिंदुराव: मी? कशाला? हे घ्या.

दिपाली: तीच शिट्टी. आफ्रिकेतला ना?

इंद्रजीत: ताई, खेळा की पुढं.

हिंदुराव: काय भानगड हाय रं?

इंद्रजीत: काय न्हाय मामा. हवा तपासली त्यांनी.

दिपाली: गप दोघंही. बिबट्या मागे लागला. मी पळते. बांध... केळीचं पान घासलं अंगाला. हे छान केलंयस इंद्रजीत, पान अगदी कानाला घासलं. मागे आहे अजून. जवळ आलाय. आता बघ, मी थांबते. बघू काय करतो.

इंद्रजीत: थांबू नका ताई.

दिपाली: थांबले. आला. अगदी जवळ आला. आता... काय?

इंद्रजीत: काय झालं?

दिपाली: कोणतरी बाई म्हणाली, ‘शाब्बास! खूप छान! असंच पुढे चला!’

इंद्रजीत: ऐकू आलं व्हय?

दिपाली: मी बिबट्याच्या तोंडात डोकं घातलं आणि मला शाब्बासकी मिळाली. ही बाई कोण? हिला काही दया-माया?

हिंदुराव: ती आमची वैजयंती. मंडळी आमची. लगीन झाल्यापासनं मला एकदाबी शाब्बास म्हणली न्हाय, पर खेळात किती झोकात म्हणती बघ!

दिपाली: थांबा. परत जाते. ही विहीर आहे ना इथं? पाणी वाजालंय. मी उडी मारली.

इंद्रजीत: ताई, ऱ्हाऊ द्या की...

दिपाली: टाळ्या वाजल्या! विहिरीत पडले तर टाळ्या! आता ही मोटर. पेटीची वायर उघडी आहे ना, चर्रर वाजालीय? ओल्या हातानं धरली. ऐक, ऐक काय म्हणाली तुझी मामी. ‘वा वा! तुम्ही जिंकलात!’ इंद्रजीत, मी तीनदा मेले आणि तीनदा जिंकले. हा काय प्रकार आहे?

इंद्रजीत: ते... जरा प्रॉब्लेम हाय कोडमधी.

हिंदुराव: प्रॉब्लेम कसला? मीच सांगितलं तसं करायला. लाजतो कशाला? आधी ह्यानं काय केल्तं म्हाईताय का? बिबट्या चावायचा! मी म्हणलं, अरं, ती आधीच दुःखी लेकरं, त्यास्नी आणिक हरवायचं? पाप लागंल की! आपल्या खेळात कोण हरणार न्हाय. आला माणूस की जिंकला.

दिपाली: वा.

हिंदुराव: आवडलं ना?

दिपाली: अण्णा, लहानपणी कच्चं लिंबू ठेवत होते का तुमच्याकडे?

हिंदुराव: व्हय की. बारकं पोरगं खेळात घ्यायचं, पर त्याला बाद धरायचं न्हाय. त्याच्यावर राज्य येत न्हाय.

दिपाली: ते मी. सुट्टीत अक्कलकोटला मामाच्या घरी जायचे. सगळी भावंडं शिवाशिवी खेळायची. मी सगळ्यांत मोठी, माझ्यापेक्षा लहान पोरं बाद व्हायची, आणि मी कच्चं लिंबू. मी पळायची. जीव खाऊन पळायची अंगणात. मग एकदा थांबले, कान दिला, तर मागे कोणच नाही. मी एकटीच पळालेय, आणि सगळे तिकडे कट्ट्यावर बसून आंबा खालालेत. माझी मावशी म्हणाली, पळ पळ, छान पळतीस.

हिंदुराव: प्रेमानंच म्हणली असंल की.

दिपाली: प्रेमानंच. म्हणून तर काही बोलता आलं नाही. कॅरमला बसले की माझी सोंगटी आपोआप जाळीत. भेंड्या खेळले की माझ्यावर कधी भेंडी चढली नाही. दवाखान्यात फोन जोडताना चुकीच्या वॉर्डात जोडला तरी डॉक्टर म्हणतात, छान काम करता हो तुम्ही. आणि आज, अण्णा, तुमच्या त्या घोरणाऱ्या जनावरानं माझा पाठलाग केला ना, तेव्हा मला किती बरं वाटलं. म्हटलं, कोणतरी खरंच मागे लागलं. आणि मी थांबले, तर तोपण आंबा खालालाय.

हिंदुराव: घोरणारं म्हंजे?

इंद्रजीत: मामा, ते सोडा आता.

हिंदुराव: हे बघ लेकी, तू शिकलेली हाईस, तुला जमतंय. त्या शाळंतल्या लेकरांचा इचार कर. बिबट्यानं खाल्लं की रडतीली ती.

दिपाली: रडू देत की. खेळात रडायचं, आणि परत खेळायचं. तेवढं तरी ठेवा त्यांच्यासाठी.

हिंदुराव: न्हाय. माझं काळीज तेवढं घट्ट न्हाय.

इंद्रजीत: मामा, काळजाचं सांगू नका.

हिंदुराव: काय म्हणला?

इंद्रजीत: मी म्हणलं, काळजाचं सांगू नका. अकलूजला कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर काय झालं ते सांगा त्यांना.

हिंदुराव: काय झालं? कायबी झालं न्हाय.

दिपाली: सांग रे.

इंद्रजीत: मामांनी खेळ दाखवायला चेअरमन, संचालक सगळी मंडळी बोलावली. म्हणले, मी डोळ्याला पट्टी बांधतो, तुमाला खेळून दाखवतो, अंधांचं दुःख काय असतं ते. पट्टी बांधली. फोटो झाला. आन घराच्या उंबऱ्याबाहेर पाय टाकला की बिबट्यानं खाल्लं.

हिंदुराव: मला खेळ समजला नव्हता तवा!

इंद्रजीत: परत लावला. परत खाल्लं. मग विहिरीत पडले. मग विहिरीतनं परत लावला, तर उलट्या दिशेनं जाऊन गोठ्यातल्या म्हशीनं तुडवलं. म्हैस मी नुसती आवाजाला ठेवलेली ओ! तिनं कुणाला तुडवायचं माझ्या कोडमधी लिवलेलंच न्हाय! मामानं कसं काय जमवलं मला अजून सापडंना.

दिपाली: म्हशीनं?

इंद्रजीत: चेअरमन एवढं हसलं, एवढं हसलं, की त्यांच्या ड्रायव्हरला वाटलं अटॅक आला. गाडीच काढली त्यानं. आन परतीच्या वाटंवर मामा म्हणले, इंद्रजीत, ह्यो खेळ लई क्रूर हाय, अंध लेकरांना सोसायचा न्हाय.

दिपाली: अण्णा, म्हणजे तुम्हाला हरायची लाज वाटली, म्हणून जिंकायची शिक्षा आम्हाला?

हिंदुराव: बास झालं! मी हितं पुण्य करायला आलोय, हसं करून घ्यायला न्हाय. ऐक इंद्रजीत, खेळ हाय तसाच ऱ्हाणार. त्याच्यावर माझं नाव हाय, माझा फोटो हाय. बिबट्या चावला तर उद्याचा हॉल न्हाय, फोन न्हाय, पुढारी न्हाय. आन ही खोलीबी माझीच हाय, भाचा म्हणून दिलीया तुला, म्हाईताय ना? पुण्याची नोकरी सोडून आलास तवा कोण हुबं ऱ्हायलं मागं? मीच की.

इंद्रजीत: व्हय मामा. तुमीच.

हिंदुराव: मग?

दिपाली: इंद्रजीत, ए. मी काही तुला भरीला घालत नाही. तुझी खोली आहे, तुझा मामा आहे. तुला पाहिजे तर मी बोलते ते चार शब्द. लोणी लावून बोलते. फोनवर दिवसभर तेच करते मी. फक्त मला परत खेळायला बोलवू नको.

हिंदुराव: बघ, लेक शहाणी हाय. लाव रं ते रेकॉर्डिंग. बोल लेकी, अंधारलेल्या जीवनात...

दिपाली: लाव, इंद्रजीत. मी तयार आहे. ...लावलंस का? कळफलक वाजालाय तुझा. रेकॉर्डिंगला एवढं काय टाइप करालास?

इंद्रजीत: दात बसवालोय.

हिंदुराव: कुणाचं?

इंद्रजीत: बिबट्याचं. काढून टाकल्यालं न्हवतं मी, बाजूला ठेवल्यालं. एक ओळ हाय. त्याच्यापुढची खूण काढली की झालं.

हिंदुराव: म्हंजे मामाचं ऐकणार न्हाईस तर.

इंद्रजीत: ऐकलं की मामा. ह्या महिन्यात रोज ऐकलं, दात काढलेला खेळ. बिबट्या येतो, मामी शाब्बास म्हणती. बिबट्या येतो, मामी शाब्बास म्हणती. मला माझ्याच खेळाची एवढी शिसारी कवा आली न्हवती.

हिंदुराव: मग माझा फोटो काढ त्याच्यावरनं.

इंद्रजीत: काढला.

हिंदुराव: नाव?

इंद्रजीत: तेबी काढलं.

हिंदुराव: एवढ्या पटकन? थांबाय पायजे हुतं की जरा! आन दुकानवालं फोटो मागतीली, तवा काय देणार?

इंद्रजीत: परत काळं पाठवतो. परत न्हाय म्हणतीली. परत पाठवतो.

हिंदुराव: आन त्या शाळंतल्या लेकरांना काय सांगणार?

इंद्रजीत: माझा फोन हाय, ताईंचा हाय. शाळंत जातो, पाळीपाळीनं खेळतीली. रडलं एखादं तर बसतो शेजारी.

हिंदुराव: पंधरा दिवसात खोली रिकामी पायजे मला. चाललो मी.

दिपाली: अण्णा, चपला दाराच्या डाव्या बाजूला काढल्यात तुम्ही. आणि जिना जपून उतरा. म्हैस असते कधीकधी.

हिंदुराव: लई शहाणी हाईस. पोरखेळ न्हाय ह्यो. एकदा खेळून बघ, म्हंजे कळंल. मलाबी वाटलं हुतं सोपं हाय.

दिपाली: खेळते की. म्हणून तर आले. दे रे हेडफोन. चांगला दे, तुझा मोडका नको.

इंद्रजीत: हा घ्या. ताई, एक सांगू का? हितनं पुढं आत्या हितं-तितंच म्हणणार हाय, आन मागं माग वाजणार. ते आज न्हाय निघायचं. नुसता बिबट्या खरा झालाय.

दिपाली: पुरे आहे तेवढा. चालू कर ते हिरवं बटण.

इंद्रजीत: केलं.

दिपाली: निघाले. कुत्रं. हा तुझा बेडूक. बांध. आत्याबाई, असं म्हणजे कसं हो... बरं, बांगड्या वाजल्या, उजवीकडे. शू, शू, गप बसा. ऊस हलला. नाही, वारं आहे. वारं नाही. वारं ना...

(हेडफोनमधून बाहेर ऐकू येईल इतका मोठा आवाज, आणि मग काहीच नाही. शेजारचे माग तेवढे चालू.)

इंद्रजीत: ताई?

दिपाली: मेले?

इंद्रजीत: व्हय.

दिपाली: मामी काही म्हणाली नाही.

इंद्रजीत: मेल्यावर कोण काय बोलत न्हाय. तसंच केलंय.

हिंदुराव: बांधावरच मेली व्हय? बांधावर! मी विहिरीपतूर गेल्तो की! इंद्रजीत, सांग तिला, मी विहिरीपतूर गेल्तो!

इंद्रजीत: मामा, तुमी गेला न्हाय अजून?

हिंदुराव: चपला घालतोय.

इंद्रजीत: ताई, कुठनं आला ते कळलं का? मी सांगू? तो उसाच्या मागनं...

दिपाली: गप. सांगू नको. परत लाव.